ससाण्यासाठी ठोकलेला खिळा

"एकच खिडकी ठेवू, नऊ ठेवू, की सगळ्याच उघड्या टाकू?"

"साखर किती?" दस्तगीर मास्तरांनी विचारलं.

डॉक्टर श्रीरंग खांबेट्यांना वाटलं, म्हाताऱ्याला कमी ऐकू येत असावं. त्यांनी कॅमेरा पुढे केला आणि मागच्या स्क्रीनवरचे हिरवे चौकोन बोटानं दाखवले.

"या खिडक्या, मास्तर. या जिथं असतील तिथं कॅमेरा आपोआप फोकस लावतो. एकच ठेवली तर उडता ससाणा तिच्यातून निसटतो. सगळ्या उघडल्या तर कॅमेरा त्याला सोडून मागचा कडा धरून बसतो. म्हणून विचारतोय, तुम्ही किती ठेवता?"

"मी दोन चमचे घेतो," मास्तर म्हणाले. "तुमचं सांगा."

"...एक."

मास्तरांनी दीड घातली आणि चहा ढवळत बसले.

आता हे खांबेटे डॉक्टर म्हणजे काही साधी असामी नव्हे. दातांचा चालता दवाखाना, दोन गावांत नाव, आणि लेन्स एवढी लांब, की ती खांद्यावर टाकून निघाले की गल्लीतली कुत्री उठून रस्ता द्यायची. कॅमेऱ्याबरोबर आलेलं माहितीपुस्तक त्यांना तोंडपाठ. पक्ष्याचा डोळा ओळखणारं सेटिंग, पक्ष्याला चिकटून राहणारं सेटिंग, मध्ये फांदी आली तर किती वेळ दम धरायचा याचं सेटिंग... कुठलंही विचारा, डॉक्टर डोळे मिटून बटण दाबून दाखवणार.

नव्हता तो फक्त उडत्या ससाण्याचा एक धड फोटो. आणि तो उद्यापर्यंत हवा होता.

त्याचं असं झालं. उद्या डॉक्टरांच्या सासऱ्यांची पंचाहत्तरी. सासरे म्हणजे दादासाहेब, निवृत्त मामलेदार. त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर डॉक्टरांच्या साडूनं, म्हणजे जयंतानं, गच्चीवरून मोबाइलवर काढलेला घारीचा फोटो लावलाय. घार कसली, ढगात एक काळा ठिपका. पण चौकट सोनेरी.

गेल्या दिवाळीत जेवणं झाल्यावर सगळे त्या ठिपक्याचं कौतुक करत बसले होते. डॉक्टरांना ते काही पचेना. तोंडात विडा होता, तो तसाच गालात सारून ते म्हणाले, "घार काय हो, कुणालाही मिळते. मी ससाणा आणून देतो. तोही उडता."

म्हणणारा म्हणून गेला. सासूबाई मात्र काही न बोलता उठल्या, आतून हातोडी आणली आणि घारीच्या शेजारी, तिच्यापेक्षा बोटभर वर, एक खिळा ठोकला.

"श्रीरंगराव म्हणालेत ना, मग आणतीलच," त्या म्हणाल्या.

झालं. संक्रांत गेली, शिमगा गेला, खिळा आपला मोकळाच. रिकाम्या खिळ्याचं करायचं काय, म्हणून सासूबाईंनी त्यावर डास मारायची रॅकेट टांगली. बैठकीत डास फार. संध्याकाळी खुर्चीतून हात वर केला की रॅकेट हाताशी यायची, त्यांचीही सोय झाली.

पण जयंताला विषय मिळाला. डॉक्टर सासुरवाडीला गेले की तो रॅकेटसमोर उभा राहायचा, मान तिरकी करून बघायचा आणि म्हणायचा, "वा श्रीरंगराव, ससाणा झकास आलाय. जाळी तेवढी जरा बारीक आहे."

पाडव्याला तर त्यानं बगळ्याचा फोटो चौकटीसकट आणला आणि रॅकेट काढून खिळ्यावर लावायलाच निघाला. सासूबाईंनी त्याच्या हातातून रॅकेट घेतली, परत खिळ्याला टांगली. "तो खिळा श्रीरंगरावांचा आहे," एवढंच म्हणाल्या. सगळे खो खो हसले. डॉक्टरही हसले. पण मनाला फार लागलं होतं ते.

म्हणून आज दवाखाना बंद ठेवून ते गैबीच्या टेकडीवर आले होते.

दस्तगीर मास्तरांचा एकेकाळी तालुक्याला फोटो स्टुडिओ होता. निम्म्या तालुक्याची लग्नं त्यांनी लावली, म्हणजे फोटोत लावली. पुढं नाद लागला ससाण्यांचा. स्टुडिओ पुतण्याच्या हवाली केला आणि टेकडीवर पिराच्या तकियाशेजारच्या दोन खोल्यांत येऊन राहिले. समोर दरी, दरीपलीकडे उभा कडा, आणि कड्याच्या कपारीत शाहीन ससाण्याची जोडी. मास्तरांचे फोटो बघायला लांबून माणसं यायची. शिकायला यायची ती त्याहून लांबून.

टेकडीचा नियम एकच. चुना फासलेल्या दगडापुढं पाऊल टाकायचं नाही, पाखरांना त्रास होतो. बाकी काहीही विचारा. उत्तर मिळेलच असं मात्र नाही.

चहा झाला. डॉक्टरांनी ट्रायपॉड रोवला, लेन्स चढवली आणि कड्याकडं तोंड करून बसले.

मादी कपारीच्या तोंडाशी बसली होती. काळं डोकं, तांबूस छाती, आणि खालच्या खडकावर तिनंच सोडलेले पांढरे ओघळ. डॉक्टरांनी नऊ खिडक्या लावल्या. मग वाटलं, मागं कडा आहे, नऊ जास्त होतात. एक करावी. मान खाली घालून ते बटण शोधू लागले.

"गेली," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी मान वर केली. कपार रिकामी.

थोड्या वेळानं ती येऊन बसली. डॉक्टरांनी श्वास रोखला. एक खिडकी. बोट शटरवर. ती उडाली, डॉक्टरांनी लेन्स फिरवली, खटाखट फोटो काढले आणि लगेच मान खाली घालून स्क्रीनवर बघायला लागले. खडक... खडक... खडक, आणि कोपऱ्यात शेपटीचं एक पीस.

"आली," मास्तर म्हणाले. "डोक्यावरनं गेली तुमच्या."

डॉक्टरांनी वर बघितलं. आभाळ स्वच्छ होतं.

असं उन्हं चढेपर्यंत चाललं. खिडक्या वाढल्या, कमी झाल्या, पुन्हा वाढल्या. डोळा ओळखणारं सेटिंग लावलं तर कॅमेऱ्याला खडकाच्या भोकातच डोळे दिसायला लागले. प्रत्येक वेळी डॉक्टरांची मान खाली, आणि प्रत्येक वेळी शेजारून तोच आवाज. "गेली." मध्येच "आली." आवाजात ना राग, ना लोभ. एसटी स्टँडवर गाड्या सांगणारा माणूस सांगतो ना, तसा.

दुपारपर्यंत डॉक्टरांकडं त्या कड्याचे इतके सुरेख, इतके रेखीव फोटो जमले होते, की भूगोलाच्या मास्तरानं बघून डोळे पुसावेत.

"मास्तर," डॉक्टर शेवटी म्हणाले. "मी लांबून आलोय. उद्या कार्यक्रम आहे. सगळे जमणार, तो जयंताही असणार. हा खिळा मला झोपू देत नाही हो. तुम्ही एकदाच सांगा, कुठलं सेटिंग? मी पुन्हा विचारणार नाही."

आणि त्यांनी खिळ्याची सगळी हकिगत सांगितली. हातोडीपासून बगळ्यापर्यंत.

मास्तरांनी ती मन लावून ऐकली. रॅकेटपाशी आल्यावर तर दोनदा सांगायला लावली.

मग म्हणाले, "तुमच्याकडं चिकटपट्टी असेल?"

"लागलं का कुठं?" डॉक्टरांनी घाईघाईनं औषधांची डबी उघडली.

मास्तरांनी चिकटपट्टी घेतली, डॉक्टरांच्या कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर आडवी लावली, मग उभी लावली, आणि अंगठ्यानं नीट दाबून बसवली. तेवढ्यावर न थांबता कॅमेरा ट्रायपॉडवरून काढून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि वर टॉवेल टाकला.

तो कॅमेरा डॉक्टरांनी बायकोलाही कधी हाताळू दिला नव्हता.

"दात उपटताना पेशंट उसळतो का हो?" मास्तरांनी विचारलं.

"उसळतो की. काही काही फार."

"आधी कळतं?"

"कळतं. पायाचा अंगठा वर जातो. अंगठा गेला की मी हात मागं घेतो."

"हे कुठल्या मशिनवर दिसतं?"

"मशिन कशाला हवं? इतकी वर्षं..." डॉक्टर बोलता बोलता थांबले.

मास्तरांनी गळ्यातली जुनी दुर्बीण काढून त्यांच्या हातात दिली आणि कड्याकडं बोट केलं.

"हिचा अंगठा शोधा," म्हणाले, आणि भाकरी खायला आत गेले. कॅमेरा बगलेत घेऊनच.

डॉक्टर बसले. आधी चडफडले, मग नुसतेच बसले. करायला दुसरं काही नव्हतंच. दाबायला बटण नाही, बघायला स्क्रीन नाही. समोर ती एक बाई कपारीत बसलेली आणि इकडे हे.

तिनं पिसं फुगवली. आता उडेल, डॉक्टरांना वाटलं. नाही उडाली.

तिनं मान गरागरा फिरवली. आता नक्की. नाही.

तिनं एक पाय पोटात घेतला आणि डुलकी काढली. डॉक्टरांनाही डुलकी आली, पण त्यांनी गालावर चापट मारून घेतली.

मग ती पुढं वाकली... आणि उडाली. परत आली, बसली. बऱ्याच वेळानं पुन्हा वाकली, आणि पुन्हा गेली. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी दुर्बीण डोळ्यांवर घट्ट दाबली, आणि त्यांना ते दिसलं. त्यांना विश्वास बसेना. चौथ्या खेपेलाही तेच. पाचव्या खेपेला तर ती वाकल्या वाकल्या डॉक्टर पुटपुटले, "आता." आणि ती उडालीच.

ते धावतच आत गेले. मास्तर अजून ठेच्याशी भाकरी खात होते.

"मास्तर, कळलं. उडायच्या आधी ती पुढं वाकते, शेपटी वर करते आणि..."

"आणि?"

"म्हणजे... मोकळी होते."

"कशानं?"

डॉक्टरांनी दाराकडं बघितलं. कोणी नव्हतं. "शिटते," ते हळूच म्हणाले. "पिचकारी मारते चांगली लांब. आणि लगेच उडते."

मास्तरांनी घास गिळला, पाणी प्यायले. "तुमच्या आधी एक प्राचार्य आले होते," ते म्हणाले. "त्यांना पहिल्याच दिवशी दिसलं. पण सांगायची लाज वाटली, म्हणून चार खेपा घातल्या." त्यांनी टॉवेल बाजूला केला आणि कॅमेरा डॉक्टरांच्या हातात दिला. "चिकटपट्टी काढायची नाही."

"पण खिडक्या किती..."

मास्तरांनी नुसतं बघितलं.

डॉक्टर बाहेर आले.

उन्हं कलली होती आणि कडा आता सोन्यासारखा पिवळा झाला होता. मादी कपारीत बसली होती. डॉक्टरांनी कॅमेरा हातात घेतला, डोळा लावला. किती खिडक्या उघड्या आहेत हे त्यांना माहीत नव्हतं, आणि नवल म्हणजे ते विचारावंसंही वाटलं नाही. खिळा, जयंता, उद्याची माणसं सगळी एकदम डोळ्यांपुढून गेली, आणि मग नुसती तीच राहिली.

ती पुढं वाकली.

डॉक्टरांनी बोट दाबलं.

शेपटी वर गेली, पिचकारी उडाली. डॉक्टरांचं बोट दाबलेलंच. खटाखट, खटाखट, खटाखट. तिनं पंख उघडले, पाय खडकावरून सुटले, ती झेपावली, सरळ त्यांच्याच दिशेनं, एवढी मोठी, एवढी जवळ, की...

कॅमेरा ती सुटायच्या आधीच थांबला होता.

एका दमात त्याला जितके फोटो गिळता येतात तितके त्यानं गिळले होते. आता तो ते पचवत बसला. डॉक्टर बटण दाबतायत, तो ढिम्म. ससाणी डोक्यावरून गेली, तिच्या पंखांचा वारा डॉक्टरांच्या टकलाला लागला, ती टेकडीमागं उतरली, आणि मग कॅमेरा पुन्हा तयार झाला.

त्या दिवशी ती काही परत आली नाही.

डॉक्टरांनी चिकटपट्टी काढली. फोटो एकामागून एक सरकवले. फोकस असा, की डोळ्यातलं आभाळ दिसत होतं. पिसन्‌पीस मोजून घ्या. आयुष्यात एवढे धारदार फोटो त्यांनी काढले नव्हते. आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या फोटोंत ती शिटत होती.

शेवटच्यात पंख अर्धे उघडले होते, एवढंच. पाय खडकावर, शेपटी वर, आणि मागं ती पांढरी धार, थेंबासकट.

मास्तरांनी वाकून बघितलं. मग ते हसायला लागले. हसता हसता खाली बसले, टॉवेलनं डोळे पुसले, पुन्हा बघितलं, पुन्हा हसले.

"हसताय काय मास्तर," डॉक्टर म्हणाले. त्यांना खरंच रडू येत होतं. "घाई केली मी. अर्धा श्वास थांबलो असतो तरी... उद्या पंचाहत्तरीला हे लावू भिंतीवर?"

"फोकस कुठं आहे?"

"डोळ्यावर."

"मग मला काय विचारता? खिळा ज्यांनी ठोकला त्यांना विचारा."

डॉक्टरांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. ते लेन्स पिशवीत कोंबत होते.

आठ दिवसांनी डॉक्टर पेढे घेऊन परत टेकडीवर हजर. चालण्यात रुबाब होता. आल्या आल्या बसले आणि सांगायला लागले.

"तोच शेवटचा लावला, मास्तर. आधी म्हटलं, धार तेवढी कापून टाकावी. पण धार कापायची म्हणजे शेपटी जाते. मग म्हटलं होऊ दे काय व्हायचं ते. मोठी प्रिंट काढली, चौकट केली, रॅकेट काढून बाजूला टाकली आणि दिली टांगून. आणि जयंता म्हणतो, श्रीरंगराव, हा तर सकाळच्या कार्यक्रमाला बसलाय."

"मग?"

"मला वाटलं, भुई दुभंगावी. तेवढ्यात दादासाहेब उठले. चष्मा लावला, फोटोपाशी गेले, बराच वेळ उभे राहिले. आणि मग काय म्हणाले माहितीय? म्हणाले, ही आता उडणार."

"हं."

"मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाले, आमच्या कचेरीत साहेब उठायच्या आधी चष्म्याची डबी टिचकन बंद करायचे. आम्ही तेवढ्यानं खुर्च्या सरकवून उभे. मग काय, येईल त्याला हाताला धरून फोटो दाखवत होते. बघा, अजून बसलेली आहे, पण उडालीच म्हणून समजा. घारीकडं कोणी ढुंकून बघितलं नाही. आणि जाता जाता जयंता माझ्या कानाशी येऊन विचारतो, श्रीरंगराव, सेटिंग कुठलं होतं?"

"काय सांगितलंत?"

"मी विचारलं, साखर किती?"

मास्तर हसले. डॉक्टरही हसले. पोटभर हसून झाल्यावर डॉक्टर जरा पुढं सरकले, आवाज खाली आणला.

"थट्टा राहू दे मास्तर, पण खरं सांगतो, नजरच बदलली माझी. पेशंट दारातून आत आला की कळतं, कुठल्या बाजूचा दात दुखतोय. रस्त्यात गाय वळायच्या आधी कळतं. घर म्हणा, दवाखाना म्हणा, सासुरवाडी म्हणा... आता माझ्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नाही."

मास्तरांनी पेढा तोंडात टाकला. सावकाश खाल्ला. डॉक्टरांच्या कपात न विचारता एकच चमचा साखर घातली आणि कप त्यांच्यापुढं सरकवला.

दरीपलीकडे मादी कपारीत बसली होती. दोघं तिच्याकडं बघत राहिले...

"बैठकीत डास आहेत का हो अजून?" मास्तरांनी विचारलं.

"डास ना? विचारू नका. संध्याकाळी बसवत नाही."

"मग रॅकेट आता सासूबाई कुठं टांगतात?"

डॉक्टर आठवायला लागले, पण तेवढं काही त्यांनी बघितलंच नव्हतं.